वस्त्रकला आणि साधनविवेक

कोलकात्याजवळ जोका येथे गुरुसदय दत्त (१८८२–१९४१) यांनी बंगालच्या खेड्यापाड्यांतून जमविलेल्या लोककलेच्या वस्तूंचे संग्रहालय आहे. त्या संग्रहातील एक कांथा विशेष प्रसिद्ध आहे. एकोणिसाव्या शतकातील मानदासुंदरी दासी नावाच्या स्त्रीने ती आपल्या वडिलांसाठी स्वतःच्या हातांनी शिवली, आणि ही गोष्ट तिने कापडावर दोऱ्यानेच लिहून ठेवली. लोककलेतील बहुसंख्य वस्तूंचे कर्ते अज्ञात असतात. येथे मात्र नाव आहे आणि नातेही आहे. व्यक्तिगत कलानिर्मिती ही आधुनिक काळाचीच देणगी आहे, असे मानणाऱ्यांनी ही कांथा अवश्य विचारात घ्यावी.

कांथा तयार करण्याची रीत साधी असते. वापरून मऊ झालेल्या साड्या आणि धोतरे यांचे थर एकमेकांवर पसरावयाचे, जुन्या साडीच्या काठांतून रंगीत धागे उसवून घ्यावयाचे आणि त्याच धाग्यांनी धावदोरा घालीत थर जोडता जोडता चित्र उभे करावयाचे. महाराष्ट्रातील गोधडी व वाकळ ही याच कुळातील होत. कर्नाटकाच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रिया जी कवंडी शिवतात, तिच्या कोपऱ्यांवर त्रिकोणी घड्यांची ठिगळे लावलेली असतात आणि त्यांना फुले म्हणतात. या स्त्रियांना पर्यावरण हा शब्द माहीत असण्याचे कारण नव्हते. कापड महाग होते, म्हणून ते टाकवत नव्हते, इतकेच. जे होते त्यातून भागवावयाचे, परंतु भागविताना ते सुंदर करावयाचे, ही त्यांची वृत्ती होती.

आजच्या कलावंतापुढील प्रश्न नेमका याच्या उलट आहे. त्याला बाजारात सर्व काही मिळते. शेकडो छटांचे रंग, चकाकणारे कृत्रिम धागे, कापडावर क्षणात चिकटणारे डिंक, प्लास्टिकचे मणी, धातूचे पत्रे यांपैकी कशालाही मर्यादा नाही. मिश्र माध्यमातील वस्त्रकला म्हणजे कापड आणि धागा यांच्या जोडीला कागद, रंग, दोर, लाकूड, धातू किंवा सापडलेल्या वस्तू योजून केलेली निर्मिती. या व्याख्येतच एक प्रकारचे आमंत्रण आहे आणि तेवढाच धोकाही आहे. ज्या काळी टंचाई मर्यादा घालीत होती, त्या काळी निवडीचा विचार वेगळा करावा लागत नव्हता. आता ही मर्यादा स्वतः ठरवावी लागते, आणि ती ठरविता ठरविताच कलावंताची स्वतःची वाट तयार होत जाते.

प्रारंभ कापडापासून करणे योग्य. जुने कापड मिळविण्याच्या वाटा आपल्या देशात मुळातच रुंद आहेत. कपडे घेऊन भांडी देणारी बोहारीण महाराष्ट्रातील जुन्या पिढीला चांगली आठवत असेल. अशा फेरीवाल्यांनी गोळा केलेल्या कपड्यांचा मोठा बाजार दिल्लीच्या रघुबीर नगर भागात भरत आला आहे. हरियाणातील पानिपत येथे तर परदेशांतून येणाऱ्या जुन्या लोकरी कपड्यांवर एक संपूर्ण उद्योग उभा राहिला. तेथे कपडे प्रथम रंगांनुसार वेगळे करतात, मग ते फाडून त्यांचे तंतू मोकळे करतात आणि पुन्हा सूत कातून त्यापासून कांबळी विणतात. तांबड्या कपड्यांपासून तांबडे सूत निघत असल्यामुळे ते पुन्हा रंगवावे लागत नाही. रंग हा आधीच खर्च झालेला आहे, तो पुन्हा वापरावा, हा विचार कलावंतालाही घेता येण्याजोगा आहे. ज्याच्याजवळ रंगानुसार लावलेल्या चिंध्यांची पेटी आहे, त्याला रंगाच्या भांड्याची गरज बरीच कमी पडते.

मात्र जुने कापड म्हणजे चांगले कापड, असे समीकरण मांडणे बरोबर नाही. आजच्या जुन्या कपड्यांत पॉलिएस्टरचे प्रमाण मोठे असते. हे कापड मातीत कुजत नाही आणि धुताना त्यातून सूक्ष्म तंतू सुटून पाण्यात जातात. कापडाची ओळख पटविण्यासाठी एक जुनी परीक्षा आहे. कापडाच्या कडेचे दोन-तीन धागे चिमट्यात धरून ज्योतीवर न्यावेत. कापसाचा धागा कागदासारखा जळतो आणि त्याची हलकी राख होते. रेशीम व लोकर यांना केस जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर वितळून आकसते आणि थंड झाल्यावर त्याची कठीण गोळी होते. मिश्र कापडात ही सर्व लक्षणे एकत्र दिसतात. अशा कापडाला वनस्पतिज रंग फिकट चढतो, कारण रंग फक्त त्यातील कापसाने घेतलेला असतो. घरात पाण्याचे भांडे जवळ ठेवूनच हा प्रयोग करावा, हे वेगळे सांगावयास नको.

पॉलिएस्टरचे कापड हाती आलेच तर त्याचे काय करावे, याविषयी मतभेद संभवतो. काही जण ते पूर्णपणे वर्ज्य मानतात. परंतु ते निर्माण होऊन चुकलेले आहे. भिंतीवरील चित्रात, जेथे ते वारंवार धुतले जाणार नाही, तेथे त्याची योजना करणे हे ते कचऱ्यात टाकण्यापेक्षा निश्चितच बरे. शुद्धतेच्या हट्टापायी चांगली वस्तू टाकून देणे हाही एक अपव्ययच आहे.

रंगाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे आणि तेथेच गैरसमज सर्वाधिक आढळतात. १८५६ मध्ये विल्यम पर्किन यांना कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग मिळाला. त्यानंतर १८६८ च्या सुमारास मंजिष्ठेतील तांबडे द्रव्य प्रयोगशाळेत तयार झाले आणि १८९७ मध्ये जर्मनीत तयार झालेली कृत्रिम नीळ बाजारात आली. अवघ्या चार दशकांत भारतातील रंगारी समाजाच्या शेकडो वर्षांच्या विद्येचा आर्थिक पाया ढासळला. आज वनस्पतिज रंगांकडे पुन्हा लक्ष वळले आहे ते योग्यच होय. पण वनस्पतिज म्हणजे निर्दोष, ही समजूत तपासून पाहिली पाहिजे.

याचे कारण असे की, बहुतेक वनस्पतिज रंग कापडावर आपण होऊन टिकत नाहीत. त्यांना कापडाशी बांधून ठेवणारे एखादे द्रव्य मध्ये लागते. त्यास रंगबंधक म्हणतात. तुरटी, हिराकस, मोरचूद, कथिलाचे क्षार आणि पोटॅशियम डायक्रोमेट ही सर्व रंगबंधके होत. यांपैकी तुरटी बरीचशी निरुपद्रवी आहे. मोरचूद पाण्यातील जीवांना घातक ठरते. डायक्रोमेट तर माणसालाही अत्यंत विषारी असते. म्हणजे झेंडूच्या फुलांचा रंग डायक्रोमेटने पक्का केला, तर फुलांच्या निष्पापपणाचा काही उपयोग उरत नाही. ज्या कलावंताला पर्यावरणाची खरोखर चाड आहे, त्याने तुरटी आणि लोह या दोन बंधकांवरच आपले रंगविश्व उभारावे. ही मर्यादा वाटते तितकी कडक नाही. आपल्या देशातील हस्तलिखित कलमकारी आणि अजरख या दोन्ही महान परंपरांचे तांबडे व काळे रंग मुख्यतः या दोन धातूंच्याच आधाराने उभे राहिले आहेत.

कापसावर तुरटी नीट बसत नाही. म्हणून कापड आधी हिरड्याच्या काढ्यात बुडवितात. हिरड्यात टॅनिन भरपूर असते. ते तंतूला चिकटते आणि मग तुरटीला धरून ठेवते. कोरड्या कापडाच्या वजनाच्या १० ते २० टक्के तुरटी पुरेशी होते. म्हणजे १०० ग्रॅम कापडास १० ते २० ग्रॅम. रंगद्रव्य मात्र पुष्कळ लागते. वाळलेल्या मंजिष्ठेची मुळे कापडाच्या वजनाच्या निम्म्यापासून बरोबरीपर्यंत घ्यावी लागतात, आणि ताजी पाने वा फुले असतील तर त्याहून किती तरी अधिक. एखाद्या झाडाची साल ओरबाडून जर रंग काढला, तर ते झाड मरू शकते. म्हणून जे आधीच गळून पडले आहे किंवा स्वयंपाकघरातून व बाजारातून टाकले जात आहे, त्यापासून आरंभ करणे इष्ट. डाळिंबाची साल, कांद्याची टरफले, देवळांतील निर्माल्याचा झेंडू आणि सुतारकामातील लाकडाचा भुसा यांपासून पिवळ्या, तपकिरी आणि करड्या रंगांच्या असंख्य छटा मिळतात.

लोहाची किमया तर पाहण्यासारखी आहे. गंजलेले खिळे, गूळ आणि पाणी एका मडक्यात झाकून ठेवले की दोन-तीन आठवड्यांत त्याचे आंबूस, गडद द्रावण होते. हिरड्यात बुडविलेल्या कापडावर कुंचल्याने ते लावले, की पिवळसर पृष्ठभाग पाहता पाहता काळा पडतो. कापड आणि गंजलेली वस्तू व्हिनेगरने ओली करून एकत्र बांधून ठेवल्यास त्या वस्तूची आकृती कापडावर उमटते. मिश्र माध्यमात काम करणाऱ्यांना ही रीत फार आवडते. परंतु लोह तंतूला हळूहळू खाते, हे ध्यानात ठेवावे. जुन्या छापील वस्त्रांत काळ्या रेषांच्याच जागी कापड झडून गेलेले दिसते. त्यास कारण हेच. द्रावण पातळ करावे, काम झाल्यावर कापड भरपूर धुवावे आणि त्या धुण्याचे पाणी मोजून ठेवावे.

हळदीबद्दल एक इशारा देणे आवश्यक आहे. तिचा पिवळा रंग नवशिक्याला मोहविणारा असतो, पण उन्हाने तो थोड्याच दिवसांत उडतो. जी कलाकृती भिंतीवर वर्षानुवर्षे राहावयाची आहे, तिच्यासाठी हळदीवर विसंबणे शहाणपणाचे नाही.

निळीचा स्वभाव सर्वांहून निराळा. तिला बंधक लागत नाही. ती पाण्यात विरघळतच नाही, हीच तिची अडचण. अल्कधर्मी पाण्यात तिच्यातील रासायनिक रचना बदलून ती विरघळेल अशी करावी लागते. अशा वेळी हौद हिरवट-पिवळा दिसतो. त्यातून बाहेर काढलेले कापड हवेतील प्राणवायू घेऊन डोळ्यांदेखत निळे होते. आधुनिक रंगशाळांत हा बदल सोडियम हायड्रोसल्फाइट घालून काही मिनिटांत घडवून आणतात आणि सांडपाण्यात गंधकाचे क्षार सोडतात. जुन्या पद्धतीत चुना व गूळ, किंवा दक्षिणेत टाकळ्याचे बी घालून हौद आंबवितात. त्यास अनेक दिवस लागतात. थंडीत हौद मंदावतो, दुर्लक्ष झाले तर नासतो. परंतु जतन केला तर तो पुनःपुन्हा वापरता येतो. ज्याला असा हौद सांभाळावयाचा आहे, त्याला रोज त्याच्याजवळ जाऊन वास, फेस आणि रंग पाहावे लागतात, आणि हळूहळू त्याच्या कामाचा वेगही हौदाच्या वेगाशी जुळतो.

रंगाबरोबर पाण्याचा विचार अपरिहार्य ठरतो. पाणी हे केवळ साधन नसून तेही एक रंगद्रव्यच आहे, ही गोष्ट कच्छच्या खत्री कारागिरांना कटू अनुभवाने कळली. २६ जानेवारी २००१ च्या भूकंपात त्यांचे धमडका गाव उद्ध्वस्त झाले. त्यानंतर तेथील पाण्यात लोहाचे प्रमाण वाढलेले आढळले. लोहामुळे तांबडा रंग मळकट होतो, आणि अजरखचे सौंदर्य तर त्या तांबड्यावरच उभे आहे. शेवटी अनेक कुटुंबांनी भुजजवळ नवी जमीन घेऊन अजरखपूर नावाचे गाव वसविले. पाण्यासाठी गाव बदलावे लागले, असे हे उदाहरण. याच्या उलट राजस्थानात पाली येथे रंगाई-छपाईच्या कारखान्यांच्या सांडपाण्याने बांडी नदी दूषित झाली आणि खालच्या अंगाच्या शेतकऱ्यांच्या विहिरी निकामी झाल्या. त्यांना न्यायासाठी न्यायालयात जावे लागले.

एका कलावंताच्या घमेल्यातील पाण्याने नदी बिघडतही नाही आणि सुधारतही नाही. हे प्रामाणिकपणे मान्य केलेले बरे, नाहीतर काळजीचे रूपांतर लवकरच मिरवण्यात होते. घमेल्याचे महत्त्व दुसरे आहे. स्वतः पाणी भरणाऱ्या, स्वतः ते ओतणाऱ्या माणसाला एका निळ्या कापडामागे किती पाणी लागते, हे हाताने कळते. त्यासाठी एक वही ठेवावी. प्रत्येक प्रयोगाचा कापडाचा लहान तुकडा तिच्यात टाचून कापडाचे वजन, बंधक, रंगद्रव्य, उकळण्याचा वेळ आणि पाण्याचे माप लिहावे. रंगाच्या पहिल्या पाण्यात दुसरे व तिसरे कापड घालून फिकट छटा काढाव्यात. दोन-तीन वर्षांत त्या वहीची जी पाने तयार होतात, ती त्या व्यक्तीची, त्या गावच्या पाण्याची आणि त्या परिसरातील झाडांची मिळून होतात. दुसऱ्याला ती उतरवून घेता येतील, पण तेच रंग मिळणार नाहीत.

मिश्र माध्यमाची मूळ अडचण मात्र अद्याप उरतेच. एकाच जातीचे कापड कुजते किंवा पुन्हा कातता येते. कापड, प्लास्टिक, धातू आणि कृत्रिम राळ ही एकदा एकत्र चिकटविली की ती कोणत्याही मार्गाने वेगळी होत नाहीत. पर्यावरणाचा विचार करणारी कलाकृतीच शेवटी सर्वांत हट्टी कचरा होऊन बसते. पुष्कळ उत्साही कलावंत टाकाऊ वस्तू मोठ्या प्रमाणात डिंकाने चिकटवितात आणि त्यास पुनरुपयोग म्हणतात. हा पुनरुपयोग नव्हे. वस्तूचे ते शेवटचे रूप ठरते. यावरचा उपाय कांथा शिवणाऱ्या स्त्रियांच्या हातातच होता. टाका उसवता येतो, डिंक उसवता येत नाही. संग्रहालयांतील जतनतज्ज्ञही जीर्ण वस्त्रे आधारवस्त्रावर शक्यतो टाक्यांनीच बसवितात, ते याच कारणासाठी. लाकडाला भोके पाडून ते शिवावे, पत्रा वाकवून अडकवावा, दोर गाठीने बांधावा. काम सावकाश होते. पण जोड दिसत राहतो आणि दिसणारा जोड हाच पुष्कळदा रचनेचा आधार बनतो.

गाठ या एकाच क्रियेवर संपूर्ण कलाविश्व उभे राहू शकते, याचा दाखला मृणालिनी मुखर्जी (१९४९–२०१५) यांच्या कामात मिळतो. बिनोदबिहारी मुखर्जी आणि लीला मुखर्जी या कलावंत दांपत्याची ही कन्या मुंबईत जन्मली आणि बडोद्याच्या कलाशाखेत के. जी. सुब्रमण्यन यांच्या हाताखाली शिकली. सुब्रमण्यन यांनी स्वतः मुंबईच्या विणकर सेवा केंद्रात काम केले होते. कला आणि कारागिरी यांच्यामध्ये भिंत घालणे त्यांना मान्य नव्हते. मृणालिनी यांनी १९७० नंतरच्या काळात बाजारात मिळणारे वनस्पतिज तंतूंचे दोर हाती घेतले. माग नाही, आधी काढलेले रेखाटन नाही. दोर टांगावयाचा, गाठ मारावयाची, पुढची गाठ मागचीवरून ठरवावयाची. अशा रीतीने त्यांनी माणसाहून उंच आकृती घडविल्या. ‘यक्षी’ (१९८४) आणि ‘वनश्री’ (१९९४) ही त्यांपैकी काही नावे. एकेका कृतीस अनेक महिने लागत. १९९४ मध्ये ऑक्सफर्ड येथे आणि मृत्यूनंतर २०१९ मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांच्या कामाची मोठी प्रदर्शने झाली. त्यांना पर्यावरणवादी ठरविणे हे आजचे मत त्यांच्यावर लादण्यासारखे होईल, आणि पुढे त्या मृत्तिका व कांस्य या माध्यमांकडेही वळल्या. तथापि एकच सामान्य द्रव्य, एकच क्रिया आणि सुमारे वीस-पंचवीस वर्षे हे त्यांचे गणित प्रत्येक नवोदिताने अभ्यासावे असे आहे. ज्याच्या टेबलावर दहा साधने पसरलेली असतात, त्याच्या कामात त्या दहांचा परिचय दिसतो, त्याचा स्वतःचा क्वचितच.

दुसरे उदाहरण अधिक अलीकडचे आणि आपल्या विषयाच्या अधिक जवळचे आहे. उत्तर प्रदेशातील बिजनोर जिल्ह्यात नजीबाबाद नावाचे गाव आहे. तेथील रफूगर पिढ्यान्‌पिढ्या काश्मिरी शाली दुरुस्त करीत आले आहेत. शालीला भोक पडले की रफूगर तिच्याशी जुळणारा धागा शोधतो. बहुधा तो दुसऱ्या एखाद्या जीर्ण शालीतून काढलेला असतो. मग सुईने ताणा आणि बाणा पुन्हा विणून तो भोक बुजवितो. शालीला नवे आयुष्य मिळते आणि मोल वाढते. ज्याच्यामुळे ते वाढते त्याचा उल्लेख मात्र कोठेही होत नाही, कारण रफू ओळखू न येणे हीच त्याच्या कौशल्याची अट असते.

शांतिनिकेतनात शिकलेल्या वस्त्रकलावंत प्रिया रवीश मेहरा (१९६१–२०१८) यांनी या रफूगरांबरोबर अनेक वर्षे घालविली. त्यांचे काम लोकांपुढे आणले आणि स्वतःच्या कलेचा पायाही त्यातच शोधला. हिमालयात डॅफ्नी नावाचे एक झुडूप होते. त्याच्या सालीच्या लगद्यापासून तेथे फार पूर्वीपासून चिवट हातकागद करतात. मेहरा यांनी फाटक्या, विरलेल्या कापडांचे तुकडे या ओल्या लगद्यात बसविले. लगदा वाळताना त्यातील तंतू एकमेकांत आणि कापडाच्या विणीत गुंततात. त्यास वेगळा डिंक लागत नाही. कापड कोठे संपते आणि कागद कोठे सुरू होतो, हे सांगता येऊ नये, अशा या रचना आहेत. मिश्र माध्यम म्हणून त्या पूर्ण आहेत, आणि तरीही त्यांतील कापूस व साल ही दोन्ही शेवटी वनस्पतीच होत.

नजीबाबादचे रफूगर हातात जुन्या शालीचा तुकडा आला की प्रथम तो उजेडात धरतात. वीण कोठे विरली आहे, हे त्यामुळे दिसते. मग तिच्या काठाकडील धागा ओढून पाहतात, तो तुटतो की धरतो ते बघतात, आणि त्यानंतरच सुई उचलतात.